परत न येण्याची अट

“समजा, मी मेलो,” अण्णा म्हणाले, “तर तू परत येशील का?”

“शुभ बोल रे नाऱ्या!” स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. भाकरी थापण्याचा आवाज तेवढ्यापुरता थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

अण्णांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते मुलाखत घेत होते. घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर ते ताठ बसले होते, अंगात ड्यूटीचा खाकी सदरा, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. शेजारी स्टुलावर त्यांचे मित्र लतीफकाका, नाशिक गाडीचे ड्रायव्हर. त्यांना अण्णांनी ‘दुसरे परीक्षक’ नेमलं होतं आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली होती. समोर सतरंजीवर मी उभी.

“येईन की,” मी म्हणाले.

“नापास.”

“अरे, नापास काय?” लतीफकाकांना राहवलं नाही. “बाप मेल्यावर पोरगी यायची नाही तर कोण यायचं? मी म्हणतो शंभरपैकी शंभर दे तिला.”

“तू गप रे. अट वाचलीस का? पेपर तूच आणलास ना?”

पेपर त्यांनीच आणला होता. प्रवासी सीटवर टाकून जायचे ते पेपर लतीफकाका गोळा करून अण्णांना द्यायचे आणि अण्णा ते शिळे-ताजे न बघता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. त्यातच ती जाहिरात होती. पुण्यातली एक विश्वस्त संस्था नुकतीच पदवी घेतलेल्या मुलामुलींना वर्षभर परदेशात हिंडायला पाठवणार होती. तिथल्या कॉलेजात नाव घालायचं नाही, परीक्षा नाही, डोक्यावर गुरुजी नाही. आपल्या मनातला एक विषय घ्यायचा आणि त्याच्या मागे एकट्याने देशोदेशी जायचं. अट एकच होती. वर्ष पुरं होईपर्यंत घरी यायचं नाही. आलात की फेलोशिप तिथेच संपली.

माझा विषय कावळे. हसू नका, तेव्हा सगळं संगमनेर हसून झालेलं आहे. अण्णा आमच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माईकवरून सांगायचं हे त्यांचं काम. मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायची आणि त्यांच्या केबिनच्या खिडकीत बसायची. तिथे त्यांनी मला दाखवलं होतं, की दुपारची नाशिक गाडी जेवणाला थांबते, तर कावळे गाडीच्या आधी येऊन फलाटाच्या पत्र्यावर बसतात. गाडी उशिरा असली की तेही उशिरा. “माझ्या आधी यांना कंट्रोलचा फोन येतो,” अण्णा म्हणायचे. पुढे प्राणिशास्त्र घेतलं ते त्यामुळेच. जपानमध्ये कावळे अक्रोड फोडायला मोटारींच्या चाकाखाली ठेवतात. लंडनच्या किल्ल्यात डोमकावळे पाळतात आणि ते उडून गेले तर राज्य बुडेल म्हणतात. नेपाळात दिवाळीत एक दिवस कावळ्याची पूजा असते. हे सगळं मला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. अर्जात मी तसं लिहिलं आणि अर्ज अण्णांनी स्वतः पुण्याच्या गाडीत बसून नेऊन दिला. पोस्टावर त्यांचा विश्वास नव्हता. माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडत बसलेला, स्वतः पुण्याच्या पलीकडे कधी गेला नव्हता.

“पुन्हा विचारतो,” अण्णा म्हणाले. “कुमारी ताजणे, आपल्या वडलांचं काही बरंवाईट झालं तर आपण काय कराल?”

“येणार नाही.”

“का?”

मी जरा विचार केला. “कारण मी आल्यामुळे ते परत येणार नाहीत.”

अण्णांनी मांडीवर थाप मारली. “वा! हे झालं उत्तर. हेच बोलायचं, असंच बोलायचं, रडायचं नाही.”

“काळीज आहे का धोंडा तुम्हा बापलेकीला?” लतीफकाका म्हणाले.

आई ताटं घेऊन बाहेर आली. “कावळे झाले, मरण झालं. आता जेवायला बसा,” ती म्हणाली आणि अण्णांच्या ताटात भाकरी जरा आपटूनच वाढली.

पुण्याची मुलाखत आमच्या तालमीपेक्षा सोपी गेली. तिघं जण होते. त्यात पांढऱ्या आखूड केसांच्या एक बाई होत्या, त्या सुरुवातीला काहीच बोलल्या नाहीत. बाकीच्या दोघांनी मला कावळ्यांचं विचारलं आणि मी इतकं बोलले की पाणी प्यायला थांबावं लागलं. मग त्या बाईंनी विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“आई आणि वडील. मी एकटीच.”

“आणि मागे त्यांना काही झालं तर?”

मी उत्तर दिलं. जसं ठरलं होतं तसंच, न रडता.

त्यांनी चष्मा काढला. “हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“वडलांनी.”

दोघे परीक्षक हसले. बाई हसल्या नाहीत. “त्यांना माझा नमस्कार सांगा,” म्हणाल्या.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा अण्णा ड्यूटीवर होते. मी धावत केबिनमध्ये गेले. त्यांनी ऐकलं, डोळे पुसले, आणि माईकचं बटण दाबून भरल्या स्टँडवर सांगितलं, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. संगमनेरहून सुटणारी, आळेफाटा, कल्याण, मुंबईमार्गे जपानला जाणारी हेमलता रंगनाथ ताजणे लवकरच फलाटावर लागत आहे.” डेपो मॅनेजरांनी नंतर त्यांना बोलावून घेतलं आणि पेढा मागितला.

आई कधीच फार बोलायची नाही. “कावळेच बघायचे ना? ते तर आपल्या खिडकीत येतात,” एवढं एकदा म्हणाली, तेही हसून. मग एके दिवशी माझी वेणी घालताना तिने विचारलं, “दिवाळीला पण यायचं नाही का गं?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि वेणी इतकी घट्ट घातली की माझ्या भुवया वर ओढल्या गेल्या.

तिकीट निघालं होतं, दारात नवी बॅग येऊन पडली होती, तेव्हा अण्णा केबिनमध्ये कोसळले. अकोले गाडीचं नाव अर्धं घेतलं आणि पुढचं आलंच नाही. लतीफकाकांची नाशिक गाडी फलाटावर भरून उभी होती. त्यांनी अण्णांना दोन्ही हातांवर उचललं, गाडीत घातलं आणि प्रवाशांसकट सगळी गाडी दवाखान्याकडे वळवली. कुणी हूं की चूं केलं नाही, असं म्हणतात. पण अण्णा वाटेतच गेले होते.

गावाकडून भागवतकाका आले, अण्णांचे धाकटे भाऊ. त्यांनीच सगळं केलं. माणूस वाईट नव्हता, उगीच कशाला खोटं बोलू. बोलणं दांडगं, पण धावून येणारा. तिसऱ्या दिवशीच त्यांनी सगळं ठरवून टाकलं. “एस.टी.चं क्वार्टर सोडावं लागेल. वहिनी आपल्याकडं गावाला येतील. हेमाचं तिकीट निघालंय तर तिला जाऊ द्या. दादानं एवढी धडपड केली तिच्यापायी.”

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने वर पाहिलं नाही. लग्नानंतरची पहिली वर्षं तिने त्या घरात, सासूच्या हाताखाली काढली होती. त्या दिवसांबद्दल ती कधी बोलत नसे, आणि बोलत नसे यावरूनच आम्हाला काय ते कळायचं. डेपोच्या साहेबांनी दुसरा मार्ग सांगितला होता. नोकरीत असताना माणूस गेला तर त्याच्या वारसाला घेतात, हेमा क्लार्क म्हणून लागली तर क्वार्टरही राहील. तो मार्ग ऐकून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी बॅगेकडे.

मी जाणार होते. स्पष्टच सांगते. मी रडत होते, घास गिळत नव्हता, अण्णांचा खाकी सदरा उशाला घेऊन झोपत होते, आणि मी जाणार होते. अण्णा असते तर त्यांनीच मला गाडीत ढकललं असतं. मी थांबले असते तर त्यांनी मला नापास केलं असतं. एवढी एकच गोष्ट मला त्या दिवसांत पक्की माहीत होती.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर सगळी भावकी जमली. आमच्यात बायकाही येतात. मे महिना, नदीला पाणी नावापुरतं, दगड तापलेले. भागवतकाकांनी डोकं भादरलेलं, त्यावर ओला पंचा. गुरुजींनी पिंड मांडला, शेजारी अण्णांना आवडायची ती स्टँडच्या कँटीनची भजी आणि कपभर चहा ठेवला आणि सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. आता कावळा यायचा. त्याने पिंडाला चोच लावली की गेलेल्या माणसाचं मन शांत झालं. नाही लावली, तर त्याची काही इच्छा मागे राहिली आहे. मग जिवलगांनी एकेकाने पुढे व्हायचं आणि अंदाजाने शब्द द्यायचा. ज्याच्या शब्दावर कावळा येईल, ती इच्छा. तो शब्द मग मोडायचा नसतो.

कावळे होते. उंबरावर चांगले दहा-बारा होते. ते खाली बघत होते, माना वाकड्या करत होते, एखादा उतरून चार उड्या मारायचा आणि परत वर जायचा. लोक श्वास रोखून बघत होते. मी मात्र कावळ्यांकडे बघत नव्हते, ते कशाला बिचकताहेत ते शोधत होते. तो माझा विषय होता.

आई पिंडापासून दोन हातांवर बसली होती. गेलेल्याची बायको, म्हणून तिला कुणी मागे सरायला सांगितलं नव्हतं. तिने उन्हासाठी अण्णांची काळी छत्री उघडली होती. छत्रीची एक काडी मोडलेली, आणि तिथलं कापड वाऱ्यावर लोंबत फडफडत होतं. छत्री आईने डोक्यावर धरलेली नव्हती. पुढे, पिंडाच्या बाजूला कलती धरली होती.

मी जवळ जाऊन वाकले. “आई, छत्री मीट. ते छत्रीला बिचकताहेत.”

“ऊन सोसत नाही गं,” ती म्हणाली.

दहा दिवस धड न जेवलेली बाई. मी काय बोलणार? मी माझ्या जागेवर परत आले.

भागवतकाका पुढे झाले. हात जोडून मोठ्याने म्हणाले, “दादा, वहिनींना अंतर देणार नाही. माझ्या घरात त्यांचं घर.” कावळे जागचे हलले नाहीत. काकूने, म्हणजे त्यांच्या बायकोने, सांगितलं की हेमाचं लग्न थाटात करून देऊ. काही नाही. कुणी म्हणालं, गावाकडच्या विहिरीच्या वाटणीचं असेल, तर भागवतकाकांनी तोही शब्द दिला. ऊन वर चढत होतं. गुरुजी दर्भ चाचपायला लागले. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, पण ती नाइलाजाची गोष्ट, आणि भावकी ती वर्षानुवर्षं विसरत नाही.

मागे, घाटाच्या पायऱ्यांवर लतीफकाका उभे होते. ते भागवतकाकांजवळ आले आणि हळूच म्हणाले, “मी बोललो तर चालेल का? मला माहीत आहे त्याच्या मनात काय आहे.”

भागवतकाकांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, “मित्र ना? बोला.”

लतीफकाकांनी चपला काढल्या. तापल्या दगडावर अनवाणी उभे राहिले. त्यांना हात जोडायचे की पसरायचे कळेना, तेव्हा त्यांनी ते नुसते खाली सोडले. “रंगनाथ,” ते म्हणाले, “पोरीची काळजी करू नको. ती जाणार. मुंबईपर्यंत गाडी मी चालवीन, विमानात बसवून येईन, शब्द आहे माझा.”

एक कावळा उतरला. चहाच्या कपापर्यंत आला. मी मनात म्हणत होते ये, ये, ये. त्याने मान वळवली, छत्रीच्या लोंबत्या कापडाकडे पाहिलं, आणि काव करून उंबरावर गेला.

लतीफकाका तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला, की मला बघवेना.

मग आई उठली. तिने छत्री मिटली. घडी नीट करून, दोरी गुंडाळून, ती मागच्या बाईच्या हातात दिली. पदर सारखा केला. पिंडाकडे तोंड करून ती म्हणाली, “अहो, हेमा कुठं जाणार नाही. मी तिला जाऊ देत नाही. आता या.” आणि चार पावलं मागे सरली.

कावळा आला. एक नाही, तीन आले. एकाने पिंड फोडला, दुसऱ्याने भजं उचललं.

घाटावर आधी एक हुंदका फुटला, मग सगळ्याच बायका रडायला लागल्या. “बघा, मनात होतं माणसाच्या,” कुणीतरी म्हणालं. “वरून हसायचा, पण आत जळत होता.” “बापाचं काळीज हो शेवटी.” काकूने मला कवटाळलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात. ती म्हण तिथल्या प्रत्येकाला येत होती आणि त्या वेळी एकालाही आठवली नाही. ती गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. दुसऱ्यांच्या दहाव्याला कावळा अडला, की कुणीतरी म्हणतंच, रंगनाथ ताजण्यांचा कावळा असाच अडला होता, पोरगी परदेशी जाणार नाही म्हटल्यावर आला.

दुपारी घरी माणसांची जेवणं चालली होती. भागवतकाका पंगतीत वाढत होते. आई आतल्या खोलीत एकटी होती. मी आत गेले आणि दार लोटलं.

“छत्री कशाला उघडून बसली होतीस?”

“ऊन होतं.”

“ऊन नंतरही होतं. मग का मिटलीस?”

तिने उलट मलाच विचारलं, “गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की त्यांच्याशेजारी मी काय ठेवते?”

मला माहीत होतं. काळी छत्री ठेवते. आमच्या आळीत सगळ्याच बायका ठेवतात. कावळ्यांना तो मेलेला कावळा टांगल्यासारखा दिसतो आणि ते जवळ येत नाहीत. तिला हे शिकायला कॉलेजात जावं लागलं नव्हतं आणि मलाही ते घाटावर कळलं होतंच. मला फक्त ते तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

“म्हणजे तू मुद्दाम...”

“हळू बोल. बाहेर माणसं आहेत.”

“अण्णांना उपाशी ठेवलंस तेवढा वेळ.” हे मी बोलले. कावळ्यांवर फेलोशिप मिळवलेली मी हे बोलले, आणि बोलताना मला ते खरंच वाटत होतं.

“ठेवलं,” आई म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि तिने तो आवरला. “त्याचं माझं मी बघून घेईन त्यांच्याशी.”

“त्यांच्या मनात काय होतं ते तुला माहीत होतं.”

“माहीत होतं. सगळ्यांत जास्त मलाच माहीत होतं.”

“मग मला सांगायचं होतंस सरळ. जाऊ नको म्हणून.”

“सांगितलं असतं तर राहिली असतीस?”

खोटं बोलावंसं वाटलं, पण तिच्यासमोर ते जमलं नाही. “नाही,” मी म्हणाले.

“आणि राहिली असतीस, तरी रोज माझ्याकडं अशी बघत राहिली असतीस. आत्ता बघतेस तशी.” तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता. “मी त्या घरात परत नाही जाऊ शकत, हेमा. मरेन मी तिथं. आणि तुझ्या डोळ्यांत असा राग घेऊन इथं पण नाही राहू शकत. त्यांच्यावर धर राग. ते गेले, त्यांना काही लागत नाही. मला तुझ्याबरोबर राहायचंय.”

मी हात सोडवून घेतला. मला ओरडायचं होतं. विमान जाणार होतं आणि त्यात माझी जागा होती, पण त्या क्षणी मला त्याहून जास्त चीड आली ती अण्णांसाठी. स्टँडवर माईकवरून लेकीचं नाव पुकारणारा माणूस, दहा दिवसांत लेकीला धरून ठेवणारा बाप झाला होता, आणि ते खोडायला तो आता येणार नव्हता.

“मी बाहेर जाते आणि सगळ्यांना सांगते,” मी म्हणाले.

“सांग,” आई म्हणाली. तिने मला अडवलं नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि गुडघ्यांवर डोकं ठेवलं.

मी दार उघडलं. पडवीत भागवतकाका होते, काकू होती, ताटावर बसलेली पंचवीस माणसं होती. ज्या बाईने नवऱ्याचा पिंड मुद्दाम अडवला, तिला या माणसांनी काय केलं असतं? गावात कुणी तिला दारात उभं केलं नसतं. आणि मी गेल्यावर याच माणसांच्या घरात ती राहणार होती.

लतीफकाका पंगतीत नव्हते. ते दाराबाहेरच्या पायरीवर बसले होते, न जेवता. मला बघून त्यांनी शेजारी जागा केली, पण मी बसले नाही.

“हेमा, एक विचारू का?” ते म्हणाले. “आमच्यात हे कावळ्याचं काही नसतं. म्हणून मला कळत नाही. तुझं तिकीट आलं त्या दिवशी रंगनाथ माझ्या गळ्यात पडून रडला गं. म्हणाला, लतीफ, माझी गाडी सुटली बघ आता. मी म्हटलं, याला जेवढा आनंद झालाय तेवढा आयुष्यात झाला नाही.” त्यांचे पाय लाल झाले होते, तळव्यांना फोड आले होते. “आणि आत हे होतं होय? मला पण नाही बोलला?”

पडवीतलं बोलणं थांबलं होतं. भागवतकाका वाढायचं भांडं हातात घेऊन ऐकत होते. माझ्या मागे दारात आई येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात आता बांगड्या नव्हत्या, त्यामुळे ती आल्याचं मला उशिरा कळलं.

“तू तर कावळ्यांचं शिकली आहेस,” लतीफकाका म्हणाले. “मोठ्या लोकांनी तुला त्याच्यासाठी निवडलं. तू सांगशील ते मी मानीन. हे खरं असतं का?”

मी त्यांच्याकडे बघितलं. मागे वळले नाही.

“खरं असतं, काका,” मी म्हणाले.

त्यांनी पायरीला हात टेकला. “मग माझ्याशी का खोटं बोलला तो?” ते म्हणाले, पण मला नव्हे. आणि उठून आपल्या चपला शोधू लागले.